उजव्या बरगडीखाली

काराजिल्गा,
१४ मे १९९७

लाडक्या दामिरा,

सलाम. तू आणि तुझी मावशी सुखरूप असाल असं धरून चालते. बिश्केकला एव्हाना जर्दाळू फुलून गळूनही गेले असतील. इकडे खिंडीत अजून बर्फ आहे. बस आठवड्यातून दोनदा येते, तीही ड्रायव्हरची मर्जी असली तर. तुझं पत्र आणि पुडकं त्याच बसनं आलं. पुडकं वरून ओलं झालं होतं, पण आतलं कापड कोरडं राहिलं.

इकडची खबरबात अशी. सासूबाईंचे गुडघे पुन्हा धरलेत, पण लोकर कातरायचे दिवस जवळ आले की त्या कुणाचं ऐकत नाहीत. तालायचा ट्रक एकदाचा दुरुस्त झाला. तांबड्या गाईला कालवड झाली. मी अजून शाळेत जात नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सप्टेंबरात या, घाई नाही. माझ्या जागी इतिहासाचे मास्तर मुलींना व्यायाम शिकवतात, म्हणजे स्वतः बाकावर बसतात आणि मुलींना म्हणतात, "पळा."

एवढं लिहून उठले, चहा केला, प्यायले नाही. हे वाचायला तू पाकीट फोडलेलं नाहीस, हे मला कळतं.

तू लिहिलंस, 'बाळाच्या चाळिसाव्या दिवशी चाळीस घरांच्या तुकड्यांचा सदरा शिवाल, त्यात माझ्याकडचा एक तुकडा असू दे. मी डॉक्टर झाले त्या दिवशीच्या पोशाखाचं अस्तर आहे. नाव काय ठेवलंत ते कळव.' मग मध्येच, जाता जाता लिहावं तसं, 'त्या दिवशी जे शक्य होतं ते सगळं आम्ही केलं, एवढं समाधान मला आहे.' आणि शेवटी, 'आपल्या रुग्णालयात बाळंतपणाच्या विभागाची प्रमुख म्हणून मला परत बोलावतायत. येऊ का? लोक काय म्हणतात? तू खरं सांगशील म्हणून तुलाच विचारते.'

खरं सांगते. पण क्रमानं सांगू दे. एकदम उत्तर द्यायला गेले तर ते उत्तर राहणार नाही, शिवी होईल. त्या दिवशी तू त्याच खोलीत होतीस. तरी माझ्या खाटेवरून काय दिसत होतं ते तुला ठाऊक नाही.

नूरूजच्या सणाच्या आदल्या दिवसापासून मला उजव्या बरगडीखाली दुखत होतं. कळ येते आणि जाते, हे तूच दर तपासणीत सांगायचीस. हे जात नव्हतं. आतून कुणी अंगठा रोवून ठेवावा तसं एकाच जागी होतं. डोकं ठणकत होतं. सणाच्या दिवशी सगळं गाव पटांगणात जमलं, मोठ्या कढईतल्या गव्हाच्या खिरीभोवती बायका गात होत्या, आणि मला दोन घास गिळवेनात. सासूबाई म्हणाल्या, "तोंड बघ तुझं, मेणासारखं झालंय." मी म्हटलं, "झोप नाही झाली." दुसऱ्या दिवशी सकाळी कळाही सुरू झाल्या आणि तालायनं आणि सासूबाईंनी मला ट्रकमधून तुमच्याकडे आणलं.

दारातच नवऱ्याला आणि सासूबाईंना अडवलं. नियमच आहे तो, मलाही ठाऊक होता. माझ्या अंगावर धुऊन विटलेला झगा आला आणि पायात कुणाच्या तरी सपाता, दोन्ही डाव्या. तोक्तोकान सिस्टरनी विचारलं, "काय होतंय?"

"इथे दुखतंय. बरगडीखाली. आणि उजव्या खांद्यात."

"खांद्यात? मग बाळ काय खांद्यातून येणार आहे?"

दोन शिकाऊ मुली हसल्या. मीही हसले, खोटं कशाला सांगू. अशा जागी माणूस पहिल्यांदा सगळ्यांचं मन सांभाळायला बघतं. मी म्हटलं, "डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." त्या म्हणाल्या, "बर्फातून आलीस, चमकणार नाही तर काय? आणि सणाला मेंढीची चरबी किती हाणलीस ते सांग आधी." मी म्हटलं, "काहीच खाल्लं नाही." "सगळ्या असंच म्हणतात." हाताला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. "वर आहे जरा. भीतीनं होतं." कागदावर लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

मग तू आलीस.

दामिरा, मला वाटलं, सुटले. पांढरी टोपी, हातात कागद. कागदावरून नजर न उचलता तू विचारलंस, "तुम्हाला कळा कधीपासून येताहेत?"

तुम्हाला. मी मान वळवून पाहिलं, माझ्यामागे आणखी कुणी बाई उभी आहे का.

मी नंतर पुष्कळ विचार केला. तोक्तोकान सिस्टर तुझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. तुला तिथे येऊन वर्षही झालं नव्हतं. मैत्रिणीचे लाड करते असं कुणी म्हणू नये, म्हणून तू तो मान दिलास. हे मला समजतं. समजलं म्हणून कमी लागलं असं नाही.

तू तपासलंस. "तोंड दोन बोटं उघडलंय. अजून बराच वेळ आहे." मी तुझा हात धरून वर न्यायला लागले, म्हटलं, "तिथे नाही, इथे बघ." तू हात सोडवून घेतलास. "ते पित्त आहे. बाळ वर दाबतं म्हणून होतं." मी म्हटलं, "अगं, काहीतरी चुकतंय. मला कळतंय. मी मरते आहे." तेव्हा तू सिस्टरांकडे बघून जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "शिकलेल्या बायका जास्त त्रास देतात. पुस्तकं वाचून येतात ना."

सिस्टर म्हणाल्या, "पहिलटकरणीला मुंगी चावली तरी ती कळच असते. नवऱ्याजवळ जाताना कुठे होती ही रड?"

आणि तू हसलीस. मोठ्यानं नाही. पण हसलीस.

नववीत असताना जिल्ह्याच्या शर्यतीत माझ्या पायाचं हाड तडकलं होतं. मी तशीच शेवटपर्यंत पळाले. तू माझा पाय मांडीवर घेऊन तुझा रुमाल बांधत होतीस आणि रडत रडत मला रागावत होतीस, "ओरड की गं जरा! दगड आहेस का तू?" जगात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं की उमसुनाय उगीच ओरडत नाही. तेच माणूस त्या दिवशी कामावर होतं. मला दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. तू म्हणालीस म्हणून मला वाटलं, असेलही. मलाच सहन होत नसेल.

म्हणून मी गप्प झाले. आज हे पत्र लिहायचं मुख्य कारण हेच आहे, ते नीट वाच. मी गप्प झाले ते बरं वाटलं म्हणून नाही. बोलून उपयोग नाही हे कळलं म्हणून. थोड्या वेळानं सिस्टर दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बघा, कशी शांत झाली. लक्ष दिलं नाही की होतात शांत." तेव्हा माझ्या पोटात आत रक्त साठत होतं.

शेजारच्या खाटेवर बात्माताई होती. बस थांब्यावर समोसे विकते ती, जाडजूड, पाचवं बाळंतपण. तिची माझी ओळख नव्हती. तिला वैद्यकीतलं काही कळत होतं असंही नाही, नंतर तिनंच मला सांगितलं, "मला वाटलं तुला कुणाची दृष्ट लागली." पण ती माझ्याकडे बघत होती. तिनं मला विचारलं, "पोरी, पाणी हवं?" मला उत्तर देता येईना. तिनं माझ्या ओठांना बोट लावलं, ते गार होते. मग ती स्वतःच्या कळा सोसत उठली, खाटेखालचं पत्र्याचं घमेलं घेतलं आणि बोळात जाऊन ते भिंतीवर बडवायला लागली.

"ए! माणूस मरतंय इथे आणि तुम्ही चहा ढोसताय? मेंढी आजारी पडली तरी धनगर उठून बघतो रे!"

"खाटेवर जा, बात्मा! इथेच बाळंत होशील!"

"होईन! इथेच होईन, तुझ्या टेबलावर होईन! आधी त्या पोरीकडे बघ!"

त्या आवाजानं शस्त्रक्रियेच्या इमारतीतून ओमोर डॉक्टर आले. ते तुमच्या विभागाचे नव्हते, तरी आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. हात सरळ बरगडीखाली ठेवला. तेवढ्यानं मी ओरडले. त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?" मला तुम्हा सगळ्यांचे पाय दिसत होते. मग तुझा आवाज आला. "सकाळपासून सांगत होती."

सांगत होती. तेव्हा तू 'होत्या' म्हणाली नाहीस. एवढं कानावर पडलं आणि मग मला काही आठवत नाही.

१५ मे

काल इथेच थांबले. तालाय घरी आला होता, मी काय लिहिते आहे ते त्यानं विचारलं. सांगितलं तेव्हा तो बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. लाकडं आदल्या दिवशीच फोडून झाली होती.

पुढचं तुला अर्धं ठाऊक आहे. पोट फाडून बाळ काढलं, मुलगी. ओमोर डॉक्टरांनी यकृताशी कापड दाबून रक्त थांबवलं. तुमच्याकडचं रक्त संपलं तेव्हा तू स्टुलावर बसून बाही वर केलीस. आपला दोघींचा गट एकच, हे तुला शाळेपासून ठाऊक होतं. डॉक्टर नंतर सांगत होते, "पुरे म्हटलं तरी ती उठेना. मीच सुई काढली." रुग्णवाहिकेत पेट्रोल नव्हतं म्हणून तालायच्या ट्रकमध्ये गाद्या घातल्या आणि खिंडीपलीकडे मोठ्या रुग्णालयात आम्हा दोघींना नेलं. तू चाकापर्यंत आली होतीस म्हणे. तुझ्या पायात बूटही नव्हते. त्याच आठवड्यात तू बिश्केकला शिकायला गेलीस, आणि 'दोघी पोचल्या' एवढाच निरोप तुला मिळाला असणार.

पोचलो दोघी. परत मी एकटीच आले.

ती तीन दिवस होती. मी शुद्धीवर नव्हते. शेवटी तासन्‌तास पुरेशा हवेवाचून राहिली होती आत, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. थोडं आधी बाहेर काढली असती तर, असं त्या म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. माझ्याकडे बघून थांबल्या. तेवढं मी स्वतः समजून घेतलं. बरगडीखालचं दुखणं आणि डोळ्यांपुढचे काजवे ही गरोदरपणाच्याच एका आजाराची खूण असते, तेही त्यांनीच सांगितलं. यकृत सुजतं, आतून फाटतं. आणि पोटात सांडलेलं रक्त खांद्यात दुखतं. खांद्यात, दामिरा. मी काही वेड्यासारखं बोलत नव्हते. त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. मूल गेलेलं होतं आणि मला बरं वाटत होतं, की मी खरं बोलत होते. असं काही मनात येतं हे कुणाला सांगायची सोय नाही. तुला सांगते आहे.

तिचा चेहरा मी पाहिला नाही. सासूबाईंनी पाहिला. लग्न झाल्यापासून त्या बाईनं मला एकदा जवळ घेतलं असेल तर शपथ. सूनबाई, चूल विझली. सूनबाई, बादली कुठे. त्या माउलीनं तीन दिवस काचेच्या पेटीशेजारी बसून काढले. तिथली नर्स म्हणाली, "आजी, तुम्ही जरा पडा." तर म्हणाल्या, "मी उठले तर तिला वाटेल तिचं कुणी आलंच नाही." शेवटच्या सकाळी त्यांनी तिच्या कानात नाव सांगितलं. तालायला नाही विचारलं, कुणाला नाही. मला म्हणाल्या, "बिननावाची पाठवली असती तर वर कुणी कशी हाक मारली असती?"

आयदाय. तू नाव विचारलं होतंस, ते हे.

आपल्यात बायका दफनाला जात नाहीत. सासूबाई गावाच्या कडेच्या पुलापर्यंत गेल्या आणि पुरुष परत येईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. गुडघे धरले ते तेव्हापासून. वर मी तुला लोकरीचं काहीबाही लिहिलं.

तुझ्या कापडाचं सांगते. चाळीस घरांतून तुकडे मागायला निघायची वेळच आली नाही. तुझा एकटाच आला. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटून पाहिला, विचारलं, "कुणाकडून?" मी सांगितलं. त्यांनी घडी केली आणि पेटीत ठेवला. फेकून दिला नाही. याचा अर्थ काय, ते मला विचारू नकोस. मीही त्यांना विचारलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. लोक काय म्हणतात? लोक काही म्हणत नाहीत, हीच पंचाईत आहे. माझ्याकडे दुखवट्याला येणारी प्रत्येक बाई बसते, भाकरी मोडते, आणि मग हळूच स्वतःच्या बाळंतपणाचं सांगायला लागते. एकीला म्हणाले, "तुझा आवाज बंद कर, नाहीतर बाळ दगावेल." एकीला टाके घालताना भूल दिली नाही, कारण तिनं मघाशी शिवी दिली होती. बात्माताई मुलाला पाठीशी बांधून आली होती. हो, मुलगा झाला तिला, बोळातच, घमेल्यापासून चार पावलांवर. मी तिला विचारलं, "ताई, तुला कुणी वाईट बोललं का कधी?" ती म्हणाली, "अगं, पाच वेळा गेले, पाचही वेळा बोलणी खाल्ली. मला वाटायचं बाळंतपण म्हणजे तेच." आणि हसत सुटली. मग रडली. मी तिला रडताना पाहीन असं वाटलं नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणतात, वर तक्रार करू, मी लिहितो, तुम्ही फक्त हो म्हणा. तालाय म्हणतो, दामिरा या गावात आली तर मी तिला दारात उभं करणार नाही. मी दोघांनाही अजून उत्तर दिलेलं नाही. मी तुला माफ केलं का, असं तू विचारलेलं नाहीस, आणि ते बरंच केलंस. काही सकाळी वाटतं, केलं. दुपारपर्यंत ते टिकत नाही. अंगात तुझं रक्त आहे आणि मांडी रिकामी आहे. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही. तुलाही येणार नाही. 'जे शक्य होतं ते सगळं केलं' असं तू लिहिलंस. शेवटी केलंस, ते खरं आहे. मी शपथेवर सांगेन. पण सकाळी फक्त हात ठेवून बघायचा होता, आणि तो तू सोडवून घेतलास. पुन्हा कुणाला पत्र लिहिशील तेव्हा हेही लिही.

तर, येऊ का म्हणून विचारतेस. ये.

तू आली नाहीस तर दुसरं कुणी येईल. त्याला यातलं काही ठाऊक नसेल, आणि तोक्तोकान सिस्टर त्याला शिकवतील. तुला आता ठाऊक आहे. जाणत्या माणसानं लांब राहून झुरण्यात कुणाचं भलं नाही. माझी नणंद गुलसारा ऑक्टोबरात बाळंत होईल. तुला आठवते ना, मधमाशी चावली तरी आख्खी गल्ली गोळा करणारी? ती तुझं डोकं उठवेल. तिचं सगळं ऐकावं लागेल तुला, खांद्याचं, कानाचं, करंगळीचं. आणि सासूबाई तिच्यासोबत आत येतील. नियम तू बदल, नाहीतर मोड. दाराबाहेर बर्फात कुणी म्हातारी बाई दिवसभर उभी राहता कामा नये. हे मी मागून घेत नाही, सांगते आहे.

पण रुग्णालयात पाऊल टाकायच्या आधी आमच्या घरी ये. तालाय तुला बघून मागच्या दारानं गोठ्यात जाईल. जाऊ दे त्याला. सासूबाई भाकरी आणि साय पुढे ठेवतील, कारण दारी आलेल्याला उपाशी ठेवणं त्यांना जमत नाही. पण बोलणार नाहीत. तेही सोस. मग आपण दोघी बसू आणि हे सगळं मी तुला तोंडानं पुन्हा सांगेन. तू मध्ये 'पण' म्हणायचं नाही. औषधाचं नाव सांगायचं नाही. रडू आलं तर रड, फक्त माझ्या आधी नको.

बस बुधवारी आणि शनिवारी असते. खिंडीत थंडी आहे, जाड कपडे घाल.

वाट बघते असं लिहीत नाही. पण दार लावून घेतलेलं नाही.

आयदायची आई,
उमसुनाय